हाक, हद्द आणि आपली वाडी: जंगलातले कपी आवाजावर मुलूख कसा राखतात?

वाडीवस्ती (गुहागर)

नमस्कार मंडळी.

आंब्याला मोहोर धरला की आमच्या तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर वानरांचा विषय निघतोच. यंदा त्यात आवाजाच्या पेटीची भर पडली आहे. पेटी म्हणजे स्पीकर, बॅटरी आणि एक मेमरी कार्ड. कार्डात वाघाची डरकाळी, कुत्र्यांचं भुंकणं, सुतळी बॉम्ब आणि खास म्हणून गोरिला-चिंपांझीच्या आरोळ्या. 'मोठ्या माकडाची आरोळी ऐकली की लहान माकडं मुलूख सोडून जातात' असं सांगून ती विकली जातेय. रक्कम लहान नाही आणि घेणारे आपलेच लोक आहेत. म्हणून मुळात हे प्राणी आवाजाने हद्द राखतात म्हणजे नेमकं काय करतात, हे वाचून काढलं. विषय इतका सुंदर निघाला की पेटी बाजूलाच राहिली.

आधी थोडं स्पष्ट करून घेऊ. कपी म्हणजे बिनशेपटीचे: गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो. कोकणात यातलं कोणीच नाही. आपल्याकडे आहेत ते काळतोंडे वानर आणि लाल तोंडाची माकडं. तेव्हा कपींचं जे आहे ते त्यांच्या जंगलातलं म्हणूनच वाचावं.

चिंपांझीची लांबवर जाणारी हाक म्हणजे 'पँट-हूट'. सुरुवातीला दबक्या आवाजात हू... हू..., मग श्वास आतबाहेर करत ती चढत जाते, टोकाला किंकाळी फुटते आणि शेवटी उतरत विरते. टोकाला पोचताना नर बरेचदा मोठ्या झाडाच्या बुंध्याशी भिंतीसारखी उभी राहिलेली मुळं हातापायांनी बडवतो. दाट रानातही हे किलोमीटरभर सहज ऐकू जातं.

आता प्रयोग. युगांडातल्या किबाले राष्ट्रीय उद्यानात कान्यावारा नावाचा चिंपांझींचा गट आहे. मायकेल विल्सन, मार्क हाउजर आणि रिचर्ड रँगम यांनी तिथे केलेलं काम २००१ साली प्रसिद्ध झालं. रानात स्पीकर लपवायचा आणि त्यातून परक्या गटातल्या एकाच नराची हाक वाजवायची. ऐकणाऱ्या टोळक्यात तीन किंवा त्याहून जास्त प्रौढ नर असले, की सगळे मिळून गलका करत आणि स्पीकरच्या दिशेने एकत्र चालून येत. नर कमी असले तर बहुतेक वेळा गप्प. पुढे जाणंही कमी, आणि गेलेच तर सावकाश. हाक हद्दीच्या मध्यावर आली की कडेला, याने फरक पडला नाही. नर मानाचा आहे की खालच्या पायरीवरचा, यानेही नाही. फरक पडला तो 'आत्ता इथे आपण किती जण आहोत' याने.

एका आवाजावर हिशेब होतो: पलीकडे एक, अलीकडे आपण इतके. आणि हिशेब जमला की पाऊल पुढे पडतं. परक्या हाकेने मुलूख रिकामा झाला नाही, उलट राखणदार स्पीकरपाशी येऊन उभे राहिले. पेटी विकत घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं अशी विनंती.

दुसरी बाजू अंगावर काटा आणणारी आहे. हे गोंगाट करणारे प्राणी हद्दीवर गस्तीला निघतात तेव्हा तोंडातून आवाज काढत नाहीत. एकामागोमाग एक चालतात, जमीन हुंगतात, थांबून कान देतात. जेन गुडॉल यांनी १९६० साली टांझानियातल्या गोंबेत काम सुरू केलं. तिथल्या एका गटाची दोन शकलं झाली, आणि १९७४ ते १९७८ या काळात कासाकेला गटाच्या नरांनी कहामा गटाला संपवलं. किबालेतल्याच एन्गोगो गटाने १९९९ पासूनच्या दहा वर्षांत शेजाऱ्यांवर जीवघेणे हल्ले केले आणि २००९ मध्ये त्यांचा प्रदेश बळकावून आपला मुलूख सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. जॉन मितानी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली हे मांडलं.

माझ्या समजुतीप्रमाणे, रोजची मोठी हाक ही मारामारी टळावी म्हणून असते. ज्याला खरंच मारायचं आहे तो बोलत नाही.

बाकी कपींबद्दल जाणकारांनी लिहावं. आणि आपल्या हुप्प्याच्या हूपबद्दल ज्यांचे कान तयार आहेत त्यांनीही.

---

सड्यावरचो

धागो बरो काढलास. आमच्या थंय काय झाला ता सांगतंय.

तशीच एक पेटी आमी आणून माडाच्या मुळात बांधली. पयल्या सकाळी वांदर आवाज ऐकान पळाले. आमी खूश. मगे ते लांब बसान ऐकूक लागले. मगे जरा जवळ. शेवटाक पेटी खाली वाजता हा आणि वांदर शेंड्यार बसान शहाळी पाडतत. विकणाऱ्याक फोन केलो तर म्हणता, आवाज वाढवा.

माका एक इचारूचा हा. फाटफटी हुप्प्यो डोंगरार 'हूप हूप' करता, पंचक्रोशीक ऐकाक जाता. पण तेच वांदर बागेत शिरतत तेव्हा हूं की चूं करनत नाय. ह्या कसा?

---

जीवशास्त्रवाली (रत्नागिरी)

वाडीवस्ती, मनापासून लिहिलंयत. अकरावी-बारावीच्या मुलांना प्राण्यांचं वर्तन शिकवताना मी हाच कान्यावाराचा प्रयोग सांगते.

सड्यावरचो, तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न आहे. त्याच कान्यावाराच्या चिंपांझींवर पुढे २००७ साली आलेल्या अभ्यासात दिसलं की शेतात घुसून चोरी करताना ते मोठ्या हाका फार कमी देतात. आत रानात आरडाओरडा, माणसाच्या पिकात शिरल्यावर चिडीचूप. हाक कुणाच्या कानावर जावी आणि कुणाच्या नको, हे त्यांना कळतं. आपल्या वानरांवर हे थेट चिकटवणार नाही. पण तुमच्या निरीक्षणाशी जुळणारं काहीतरी आफ्रिकेत नोंदलं गेलंय हे मला फार मोलाचं वाटतं.

आता बाकीच्या कपींबद्दल, कारण सगळ्यांना एका माळेत ओवलं की घोटाळा होतो.

खऱ्या अर्थाने गाऊन हद्द राखतात ते गिबन. नर, मादी आणि पिल्लं असं लहान कुटुंब, आणि त्यांचा ठरलेला, काही डझन हेक्टरांचा रानाचा तुकडा. सकाळी जोडी एकत्र गाते. बहुतेक जातींत मादीची एक लांबलचक चढती तान असते आणि तिच्या शेवटी नर आपला तुकडा जोडतो. मितानींनी १९८०च्या दशकात बोर्निओत स्पीकर वापरून प्रयोग केले. गाणं स्वतःच्या हद्दीच्या आत वाजलं की कुटुंब चालून येई, बाहेर दूरवर वाजलं तर तेवढी दखल नाही. म्हणजे चिंपांझीला 'किती जण' महत्त्वाचं, गिबनला 'कुठे' महत्त्वाचं. हा फरक मला फार आवडतो, आणि त्याचं कारणही सोपं आहे: गिबनच्या घरात लढायला मोजून दोघंच, संख्येचा हिशेब करायचा कशाला? शेजाऱ्यांशी शिवेवर गाठ पडली की पाठलाग होतो, फांद्यांवरून झेपा होतात, क्वचित जिवावरही बेततं. पण बरंचसं काम गाण्यावरच भागतं.

ओरांगउटानचं वेगळं. गालांवर मांसल गाद्या असलेला मोठा नर गळ्याची पिशवी फुगवून मिनिट-दोन मिनिटं चालणारी हाक देतो, ती किलोमीटरभर जाते. पण तो हद्द आखून राखत नाही, नरांचे मुलूख एकमेकांवर पसरलेले असतात. हाक ऐकून दुबळे नर वाटेतून बाजूला होतात आणि माद्यांना तो कुठे आहे ते कळतं. सुमात्रात कारेल फान शाइक आणि सहकाऱ्यांना दिसलं की रात्री मुक्कामाआधी नर ज्या दिशेला तोंड करून हाक देतो, बहुधा त्याच दिशेने दुसऱ्या दिवशी निघतो. हे २०१३चं काम.

गोरिला तर पेटीवाल्यांच्या जाहिरातीत मुळीच बसत नाही. तोही शिवा राखणारा नाही, गटांचे मुलूख एकमेकांत मिसळलेले. त्याचं छाती बडवणं म्हणजे अंगकाठीची जाहीर खबर. पर्वतीय गोरिलांवर २०२१ साली आलेल्या अभ्यासात मोठ्या देहाच्या नराचे ठोके जास्त खर्जातले निघाले. खोटं बोलायला वाव नाही, देहच बोलतो.

बोनोबोंचे गट भेटले की कधी आरडाओरड, कधी चक्क एकत्र बसून खाणं. चिंपांझींसारखी मारणारी गस्त त्यांच्यात दिसलेली नाही.

---

लोहितकाठ (सध्या दापोली)

नोकरीनिमित्त बराच काळ आसामात होतो. भारतातला एकमेव कपी म्हणजे हूलॉक गिबन, आणि तो ईशान्येतच आहे. जोरहाट जिल्ह्यातल्या होलोंगापार गिबन अभयारण्यात त्याला ऐकलं.

ते रान लहानसं. चारी बाजूंनी चहाचे मळे, मधून रेल्वेची लाईन गेलेली. १९९७ साली अभयारण्य झालं. तेवढ्यात प्रायमेटांच्या (माकडं, कपी आणि त्यांची भावकी) सात जाती आहेत. नर काळाभोर, भुवया पांढऱ्या. मादी वयात आल्यावर फिकट तपकिरी. सकाळी ऊन झाडांच्या शेंड्यांना लागायच्या सुमाराला एक जोडी सुरू करते. आधी दोन-चार सुटे हुंकार, मग दोघांचे आवाज एकमेकांत घुसत जातात, पिल्लूही मधेच किरटा सूर लावतं. ते थांबायच्या आत पलीकडून दुसरं कुटुंब उत्तर देतं. खाली उभं राहून ऐकलं की कोण कुठे बसलंय याचा नकाशा डोक्यात तयार होतो. संशोधक गिबनांची गणती करतात तीही अशीच, वेगवेगळ्या ठिकाणी बसून, सकाळच्या गाण्यांची दिशा आणि वेळ टिपून.

एक गोष्ट मनाला लागलेली. हूलॉक सहसा जमिनीवर उतरत नाही, त्याला फांदीला फांदी लागलेली हवी. लाईनच्या दोन्ही बाजूंची झाडं तोडलेली असली की अलीकडची आणि पलीकडची कुटुंबं एकमेकांना ऐकतात, पण तिकडे जाऊ शकत नाहीत. तरुण नर-मादी घर सोडून जोडीदार शोधायला निघतात तेव्हा मधली मोकळी पट्टीच आडवी येते. आवाज पार होतो, प्राणी होत नाही. आपल्याकडे सड्यावर रस्ते रुंद करताना दोन्ही बाजूंची जुनी झाडं जातात तेव्हा मला हे आठवतं. वानर निदान जमिनीवरून पळत जाऊ शकतात.

---

ध्वनिलहरी (चिपळूण)

मी साउंडच्या धंद्यातला माणूस, मंडप आणि नाटकांना साउंड लावतो. प्राण्यांचं मला कळत नाही, पण आवाजाचं थोडं सांगतो.

पहाटच का? एकतर वारा पडलेला असतो आणि बाकीचा गोंगाट कमी. दुसरं म्हणजे रात्रभरात जमिनीलगतची हवा गार होते आणि वर तुलनेने उबदार हवा असते. आवाज गार हवेत हळू आणि उबदार हवेत वेगाने जातो, म्हणून वर गेलेला आवाज वाकून परत खाली येतो आणि लांब पोचतो. ज्यांनी खाडीकाठी दिवस काढलेत त्यांना हे माहीत आहे. भल्या सकाळी पलीकडच्या तरीवाल्याला साध्या आवाजात हाक मारली तरी तो 'इलो' म्हणतो, आणि दुपारी त्याच धक्क्यावर घसा फोडला तरी ऐकू जात नाही. पाणी तेच, अंतर तेच. हवा बदलली.

रानात आणखी एक अडचण. पानं-फांद्या बारीक, चिरका आवाज विखरून टाकतात, खालचे सूर त्यातून वाट काढतात. म्हणून लांबच्या हाका फार चिरक्या नसतात. गिबनच्या मादीची तान मी यूट्यूबवर ऐकली. जवळजवळ शुद्ध सूर आहे, सगळी ताकद एका पट्टीत ओतलेली. गायकाला हे कसब येतं ते रियाजाने. जपानमध्ये २०१२ साली एका गिबनला हेलियम मिसळलेल्या हवेत गाऊ देऊन तपासलं, तेव्हा लक्षात आलं की सोप्रानो (उंच पट्टीत गाणारी) गायिका तोंडाचा आकार सुराला जुळवून घेते तसंच गिबन करतो. मी थक्क झालो.

आता पेटी. एवढ्याशा भोंग्याच्या स्पीकरमधून खर्ज निघतच नाही. गोरिलाचे छातीचे ठोके त्यातून वाजवले तर पत्र्यावर बोटं वाजवल्यासारखे येतील. वर तोच आवाज, त्याच जागेवरून, त्याच वेळेच्या अंतराने. खरा प्राणी हाक देऊन जागा बदलतो, उत्तराची वाट बघतो, पुढे सरकतो. स्पीकर माडाला बांधलेला आहे.

---

निशिगंधा_के

वाचतेय, फारच छान चर्चा. दोन शंका.

१. शेजारच्या गटाची हाक आणि अगदी अनोळखी हाक यात त्यांना फरक कळतो का?
२. आपल्याकडे दर पाच कोसांवर बोली बदलते तसं चिंपांझींच्या हाकांत गावागणिक काही आहे का?

---

जीवशास्त्रवाली (रत्नागिरी)

निशिगंधा, पहिल्याचं उत्तर हो. आयव्हरी कोस्टमधल्या ताई अरण्यात २००९ साली आलेल्या स्पीकर-प्रयोगांत चिंपांझींनी आपल्या गटातले, शेजारी आणि परके यांच्या हाकांना वेगवेगळा प्रतिसाद दिला.

दुसऱ्यावर वाद आहे, आणि तो मला उत्तराइतकाच महत्त्वाचा वाटतो. ताईमध्येच कॅथरीन क्रॉकफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं की लगतच्या गटांच्या पँट-हूटमध्ये फरक आहेत आणि ते रक्ताच्या नात्याने किंवा रानाच्या फरकाने समजावता येत नाहीत. म्हणजे शेजाऱ्यापासून वेगळं ऐकू यावं म्हणून ते हाक घडवत असतील, असा अंदाज. मग २०२२ साली निसर्ग देसाई आणि सहकाऱ्यांनी टांझानियात गोंबेकडच्या चिंपांझींच्या हाका तपासल्या, तेव्हा गटापेक्षा व्यक्तीची ओळख हाकेत जास्त पक्की निघाली. गटागटांतला फरक तितका ठाम नव्हता. या निबंधाच्या लेखकांत वरच्या कान्यावारा प्रयोगाचे विल्सनही आहेत. मुलांना मी दोन्ही सांगते. कोण कोण बोलतंय हे ओळखता आलं तर किती जण आहेत हेही मोजता येतं, त्यामुळे हद्दीच्या दृष्टीने व्यक्तीची ओळखही कमी कामाची नाही.

गिबनांत मात्र गाण्याचा साचा जन्मजात असतो. थायलंडमध्ये दोन जातींच्या संकरातून झालेल्या माद्यांची तान आईसारखीही नाही आणि बापाच्या जातीसारखीही नाही, मधलीच निघते. तरी लेक मोठी होताना आईच्या तानेबरोबर आपली तान जुळवत राहते, म्हणजे तयारी हवीच.

वाडीवस्ती, तुमच्या 'ज्याला मारायचं आहे तो बोलत नाही' या वाक्याला ताईतूनच आणखी एक दाखला. सिल्व्हेन लेमोइन आणि सहकाऱ्यांचा २०२३चा अभ्यास. तिथले चिंपांझी हद्दीकडे जाताना टेकड्यांवर चढतात, आणि वर गेल्यावर खाणं-फोडणं करत नाहीत, शांत बसून राहतात. दाट झाडीत दिसत काही नाही, पण ऐकू येतं. पलीकडचे लांब आहेत असं वाटलं की पुढे घुसण्याची शक्यता वाढते. टेहळणीच म्हणायची, फक्त कानांनी केलेली.

---

पाटाचं_पाणी

माहिती उत्तम आहे, पण एक आक्षेप नोंदवतो. धागा सुरू झाला बागायतदारांच्या प्रश्नावर आणि चर्चा चाललीय आफ्रिका-बोर्निओची. चिंपांझी हा चिंपांझी, आपला वानर हा वानर. दोघांची समाजरचना वेगळी, आहार वेगळा. वानराला हे सगळं लावायचं कशाच्या आधारावर? माझी नारळी-पोफळीची वाडी आहे, काजू आहे. मला कामाचं काहीतरी हवं.

---

वाडीवस्ती (गुहागर)

पाटाचं_पाणी, आक्षेप रास्त आहे. म्हणून आता वानरावरच बोलतो.

वानरांच्या टोळीत बरेचदा एकच प्रौढ नर असतो, बाकी माद्या आणि पिल्लं. बिनटोळीचे नर वेगळा जथा करून फिरतात आणि संधी मिळाली की टोळीच्या नराला हुसकावतात. हे आपल्यापासून फार लांब नाही, घाट चढून गेलं की धारवाड. तिथेच युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला वानर टोळ्यांवर नजर ठेवली, आणि नवा नर टोळी ताब्यात घेतो तेव्हा लहान पिल्लं मारली जातात हे नोंदलं. म्हणजे हुप्प्यासाठी परका नर ही घर बुडवणारी गोष्ट आहे.

हूप देतो तो प्रौढ नरच. आमच्या वाडीमागच्या फणसावर बसणारा हुप्प्या मी नीट पाहिलाय. हूप द्यायच्या आधी तो ताठ होतो, मान पुढे काढतो, पोट आत जातं आणि आवाज सुटतो तेव्हा अख्खा देह हलतो. मग फांदीवरून फांदीवर मुद्दाम जोरात उड्या, सुकी फांदी मोडलीच पाहिजे अशा. शेवटी स्थिर बसून दात करकर वाजवतो, खाली उभं राहिलं तर ऐकू येतं. डोंगराच्या पलीकडच्या अंगाने उत्तर आलं की पुन्हा. बिबट्या दिसल्यावर तो जे खाकरतो तो आवाज निराळा, ज्यांनी दोन्ही ऐकलेत त्यांची गल्लत होणार नाही.

आता तर्क, आणि हा तर्क माझा आहे. जी वाडी आपण आपली म्हणतो ती त्या टोळीच्या मुलुखात आहे. आपल्या आजोबांनी कलमं लावली तेव्हाही तिथे एखादी टोळी असणार. पेटीतून परक्या माकडाची आरोळी आली तर तिच्यापुढे दोन शक्यता उरतात. आवाज ओळखीचाच नसेल, तर तो नुसता गोंगाट. सुरुवातीला दचकतील, मग सरावतील, जसं सड्यावरच्यांच्या माडाखाली झालं. चिंपांझीची आरोळी कोकणातल्या वानराने कधी ऐकलीय? आणि समजा कुणी हुशारी करून वानराचीच हूप भरली, तर हद्दीत परका नर आला असं समजून हुप्प्या बघायला येईल. येऊन काय दिसेल, माड आणि पेटी.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे टोळीने मुलूख सोडून जायचं कुठे? वरच्या वाडीत दुसरी टोळी आहे, खाडीकडच्या अंगाला तिसरी. रोज सकाळी ते एकमेकांना हेच ऐकवत असतात. माझ्या वाडीतून हुसकावलेली टोळी शेजारच्या हुप्प्याने परतवली की संध्याकाळी पुन्हा माझ्याच फणसावर. म्हणून एकट्या बागायतदाराने केलेली हाकाटी टिकत नाही असं माझं ठाम मत झालंय.

---

पाटाचं_पाणी

हे पटलं. शेवटचा मुद्दा तर आमच्या वाडीत डोळ्यांनी पाहिलेला आहे, फक्त असा विचार केला नव्हता. आम्ही हाकलायचो, ते वरच्या आळीत जायचे, वरच्या आळीतले फटाके लावायचे, ते परत. मधल्या मधे दोन आळ्यांची भांडणं.

---

सड्यावरचो

मगे करूचा काय ता सांगा. पेटी भंगारात घालूची?

---

जीवशास्त्रवाली (रत्नागिरी)

पेटीपेक्षा माणूस आणि कुत्रा बरा, कारण ते जागा बदलतात आणि खरंच अंगावर येतात. प्रयोगातल्या चिंपांझींच्या हिशेबाचाही हाच अर्थ आहे: आवाजाला किंमत येते ती त्याच्यामागे देह असल्याने. राखण फळं धरलेल्या दिवसांतच आणि त्यांच्या येण्याच्या वेळेलाच केली तर माणसाच्या आवाक्यात राहते. चारही बाजूंनी झाडं वाडीला टेकलेली असतील तर कुंपण उपयोगाचं नाही, वरून उडी मारतात, तेव्हा वाडीत झुकलेल्या तेवढ्या फांद्या छाटणं हे पहिलं काम. केळीचे घड, पपया अशा मोजक्या फळांना जाळी किंवा गोणपाट. आणि कृपा करून कुणी वानरांना खाऊ घालू नका, देवळाच्या पायरीवरही नाही. माणसाची भीती एकदा गेली की कुठलाच आवाज चालत नाही.

---

लोहितकाठ (सध्या दापोली)

एक सुचवतो. गिबनांची गणती करतात तशी आपल्याला वानरांची करता येईल. प्रत्येक वाडीतल्या एकाने सकाळी उठल्यावर पहिली हूप कुठून आली, किती वाजता आली, उत्तर कुठल्या अंगाने आलं एवढं वहीत लिहायचं. एका गावातल्या चार-पाच जणांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की टोळ्या किती आणि कुणाची शीव कुठे, याचा बऱ्यापैकी अंदाज येईल. पाऊस किंवा जोराचा वारा असेल त्या दिवशीच्या नोंदीवर भरवसा ठेवू नका.

---

वाडीवस्ती (गुहागर)

उत्तम कल्पना. मी आमच्या गावात सुरू करतो. टोळ्यांच्या शिवा कळल्या तर राखणीच्या पाळ्या आळीप्रमाणे न लावता टोळीप्रमाणे लावता येतील, म्हणजे एका टोळीच्या मुलुखातले सगळे बागायतदार एकाच वेळी वाडीत उभे. ज्यांना सामील व्हायचंय त्यांनी खाली गावाचं नाव आणि वाडी कुठल्या अंगाला आहे तेवढं लिहा. नोंदीसाठी रकाने: तारीख, वेळ, दिशा, उत्तर आलं का, टोळी दिसली तर नर-माद्या-पिल्लं किती.

---

ध्वनिलहरी (चिपळूण)

मोबाइलवर आवाजही टिपा. घराच्या आतून नको, अंगणात या, फोन डोंगराच्या दिशेला धरा आणि सुरुवातीला स्वतःच्या तोंडाने वेळ आणि दिशा बोला. फाइल मला पाठवलीत तर मी मागचा गोंगाट कमी करून देईन. वेगवेगळ्या हुप्प्यांच्या हूपमध्ये कानाला फरक कळतो का ते मला फार जाणून घ्यायचंय.

---

सड्यावरचो

माझा नाव घाला. वाडी गावाच्या दक्षिणेक, वर सडो आणि खाली व्हाळ. हुप्प्यो सड्यावरच्या वडार असता, उत्तर व्हाळापलीकडसून येता. पेटीची बॅटरी काढून घेतलंय, राखणीक बॅटरी लागताच.